साम्राज्यसत्तेविरुद्धच्या उठावांची कारणे लिहिताना या चुका टाळा

पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मी बराच काळ करीत आलो आहे. परकीय सत्तेविरुद्ध लोक का उठले, असा प्रश्न आला की त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात. मग विषय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा असो, १८५७ चा असो किंवा आपल्याच जिल्ह्यातील १८७५ च्या दंग्यांचा असो. ही मुले कष्टाळू आहेत आणि सनावळी त्यांना तोंडपाठ असते. घात होतो तो तयार नोट्स लवकर संपवण्याच्या घाईमुळे.

सर्वांत अधिक खटकणारी चूक म्हणजे अन्यायाचे वर्णन केले की कारण सांगून झाले, असे समजणे. अन्याय बहुधा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो आणि उठाव मात्र एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट गावात होतो; त्या दोहोंमधील अंतर ज्या उत्तरात भरलेले नाही, त्या उत्तराला मी अर्ध्याहून अधिक गुण देत नाही.

एका सराव परीक्षेत मी दख्खनच्या दंग्यांवर प्रश्न दिला होता. 'सावकारांच्या पिळवणुकीला कंटाळून शेतकऱ्यांनी उठाव केला' हे वाक्य गठ्ठ्यातील बहुतेक उत्तरपत्रिकांत जसेच्या तसे आढळले, कारण सर्वांनी एकाच ठिकाणच्या नोट्स वापरल्या होत्या. त्यांत बारामती तालुक्यातील एक विद्यार्थिनी होती. १२ मे १८७५ रोजी जेथे दंगा सुरू झाला ते सुपे तिच्या चांगल्या परिचयाचे होते, आणि तरीही तिच्या उत्तरात तेच वाक्य होते. मी तिला विचारले, "सावकार १८६५ मध्येही होता आणि व्याज तेव्हाही जबर होते. मग कर्जरोखे तेव्हाच का जळाले नाहीत?" ती म्हणाली, "सर, नोट्समध्ये एवढंच होतं." त्यानंतर अभ्यासिकेच्या एका टेबलावर बसून आम्ही कोऱ्या कागदावर वर्षे मांडत गेलो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथून ब्रिटनला जाणारा कापूस आटला आणि आपल्याकडील कापसाचे भाव चढले. त्या काळात सावकार हात सैल सोडून उचल देत होता, कारण पीक विकून पैसे परत येतील याची त्याला खात्री होती. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळू लागले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जुन्या सारा-आकारणीची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली आणि अनेक गावांत सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला. म्हणजे सरकारची मागणी वाढत असतानाच सावकाराने हात आखडता घेतला. भरीला १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हा कायदा कर्जदार कुळाच्या हितासाठी म्हणून केला होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. हे सर्व कागदावर उतरल्यावर त्या मुलीला १८७५ हे साल समजले. सुप्याच्या बाजारात जमलेल्या रयतेने प्रामुख्याने वह्या आणि रोखे का मागितले आणि जाळले, जीव घेण्याकडे रयतेचा कल का नव्हता, हेही तिला समजले.

तिला मी आणखी एक गोष्ट दाखवली. नोट्समधील ते वाक्य मुळात सरकारच्या सोयीचे आहे. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवण्यात आला. त्याने दोषाचा भार सावकारांवर टाकला आणि साऱ्याला मुख्य कारण मानण्याचे नाकारले. सरकारी अहवाल माहितीसाठी अवश्य वाचावा, पण त्याचा निष्कर्ष उचलण्यापूर्वी तो अहवाल कोणी आणि कोणासाठी लिहिला हे पाहावे.

दुसरी चूक करांविषयीची आहे. 'चहावरील कर वाढवल्यामुळे बॉस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला' हे वाक्य मी इतक्या वेळा खोडले आहे की आता वर्गाच्या पहिल्याच दिवशी ते फळ्यावर लिहून खोडतो. १७७३ च्या चहाच्या कायद्याने कर वाढला नव्हता. पौंडामागे तीन पेन्सचा कर ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडच्या १७६७ च्या कायद्यापासून होताच. नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला चहा थेट अमेरिकेत पाठवण्याची मुभा आणि ब्रिटनमधील जकातीत सूट मिळाली, त्यामुळे चहा उलट स्वस्त झाला. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बंदरात का गेल्या? कंपनीने निवडलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांबाहेरचे स्थानिक व्यापारी आणि चोरटा चहा आणणारे या कायद्याने बाजूला पडत होते. शिवाय स्वस्त चहा विकत घेणे म्हणजे आपला एकही प्रतिनिधी नसलेल्या संसदेचा कर लादण्याचा अधिकार मान्य करणे होते. मागे गेल्याशिवाय हे उलगडत नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनवरील कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते, आणि कॅनडातून फ्रेंच गेल्यामुळे वसाहतींना ब्रिटिश संरक्षणाची पूर्वीइतकी गरज उरली नव्हती. १७६५ चा मुद्रांक कायदा विरोधामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, पण त्याच वेळी वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला अधिकार संसदेने स्वतंत्र कायद्याने जाहीर केला. भांडण पैशाइतकेच त्या अधिकाराचे होते.

शेवट माहीत असल्यामुळे सुरुवातीपासून सर्वांना स्वातंत्र्यच हवे होते असे लिहू नये. ब्रिटिश सैन्याशी लेक्झिंग्टनची पहिली चकमक एप्रिल १७७५ मध्ये झाल्यानंतरही वसाहतींच्या काँग्रेसने त्याच वर्षी जुलैमध्ये राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता.

वसाहतीतील लोक एकच समाज होते असे धरून चालू नये. सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गोऱ्या मळेवाल्यांना व्यापाराची मोकळीक हवी होती, मुक्त मिश्रवर्णीयांना समान हक्क हवे होते आणि ऑगस्ट १७९१ मध्ये उठलेल्या गुलामांना गुलामगिरीतून सुटका हवी होती.

'राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक' हे चार मथळे आधी लिहून मग त्यांखाली मजकूर भरणे मला मुळीच पसंत नाही. सारावाढ आर्थिक की राजकीय, यावर वेळ घालवण्यापेक्षा ती कोणत्या वर्षी झाली ते लिहावे.

एका माणसाच्या दुःखावर सारा उठाव उभा करू नये. आईच्या आजारपणात वासुदेव बळवंत फडके यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली, ही घटना खरी आहे आणि ती वाचताना आजही मन गलबलते. परंतु १८७९ मध्ये रामोशी त्यांच्यामागे का उभे राहिले, याचे उत्तर त्या रजेच्या अर्जात मिळत नाही. त्यासाठी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ अभ्यासावा लागतो.

अखेरची चूक म्हणजे उठाव जेथे झाला नाही त्या प्रदेशांकडे पाहायचेच नाही. मी स्वतः कागदाच्या उजव्या बाजूला एक रकाना त्यासाठी राखून ठेवतो आणि विद्यार्थ्यांनाही तसे करायला लावतो. १८५७ चे कारण केवळ काडतुसे असती, तर तिन्ही इलाख्यांची लष्करे सारखीच पेटायला हवी होती. वणवा पसरला तो बंगालच्या लष्करात, ज्यातील पुष्कळ शिपाई १८५६ मध्ये खालसा झालेल्या अवधचे आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचे होते, आणि ज्याच्या नव्या भरतीवर त्याच वर्षी समुद्रापार जाण्याची सक्ती आली होती. मद्रासचे लष्कर जवळजवळ पूर्णपणे अलिप्त राहिले. मुंबईच्या लष्करातही व्यापक उठाव झाला नाही, पण ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ वी पलटण उठली, म्हणून त्या रकान्यात मुंबईसमोर नुसते 'नाही' लिहिणे चुकीचे ठरते.