सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची का? आधी इंजिनाचं काय ते बघा

स्पोर्ट्स कार जुनी झाली की गाडीची किंमत उतरते पण तिच्या पार्ट्सची उतरत नाही, सगळी गोम इथेच आहे. नवी असताना जी गाडी आपण फक्त फोटोत बघायचो ती दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या सेडानच्या भावात दिसायला लागते, मग रात्री झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस जो भेटेल त्याला विचारत सुटतो की ही गाडी रिलायबल आहे का. याला कोण काय उत्तर देणार? एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक दीड लाख किलोमीटर चालून ठणठणीत आणि दुसरीचं इंजिन चाळीस हजारात बसलेलं, दोन्ही खरं असतं.

त्यापेक्षा तीन गोष्टी शोधा. या इंजिनाचं ठरलेलं दुखणं काय आहे, या समोरच्या गाडीत ते सुरू झालंय का किंवा त्याचं काम आधीच करून घेतलंय का, आणि समजा घेतल्यावर सहा महिन्यांत इंजिन बसलंच तर ते करायला पैसे आहेत का. तिसऱ्याचं उत्तर "अजिबात नाही" असेल तर पहिल्या दोनची उत्तरं कितीही गोड आली तरी मी तरी ती गाडी घेणार नाही.

आता दुखणं म्हणजे काय ते उदाहरणानेच सांगतो. पोर्शची बॉक्स्टर १९९६ ला आली, पाठोपाठ १९९७ ला ९११ ची ९९६ पिढी, दोन्हीत एम९६ नावाचं इंजिन. यात एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) असतो जो चेनने कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा फिरवतो, आणि त्याच्या क्लचकडच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेलं असतं, ज्याला सगळे आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते बेअरिंग तुटलं की टायमिंग म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ सुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं इंजिन भंगारात. सुरुवातीच्या गाड्यांत दोन रांगांचं बेअरिंग होतं ते त्यातल्या त्यात बरं, २००० च्या आसपास एका रांगेचं आलं ते सगळ्यात बदनाम, आणि २००५-०६ पासून मोठं बसवलं, जे टिकतं चांगलं पण बदलायचं म्हटलं तर इंजिनच उघडावं लागतं. २००९ मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. ९९६ ची टर्बो आणि जीटी३ यांचं इंजिन वेगळ्याच घराण्यातलं, त्यांना हा रोग नाही, म्हणून तर त्यांचे भाव तसे आहेत.

यातून खरेदीसाठी काय घ्यायचं? मालकाला सरळ विचारायचं की क्लच कधी बदलला आणि तेव्हा आयएमएस बेअरिंग बदललं का, कारण गिअरबॉक्स खाली उतरवला की बेअरिंग समोरच असतं आणि शहाणा मालक त्याच वेळी ते काम उरकून घेतो. बदललं असेल तर बिल दाखवा म्हणायचं. "बदललंय, बिल कुठेतरी असेल" याचा अर्थ बदललेलं नाही असाच धरायचा आणि किमतीत तेवढं कमी करून मागायचं. गंमत म्हणजे या बेअरिंगच्या बाबतीत गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, वर्षाकाठी दोनदा बाहेर काढलेली गाडी जास्त धोक्याची मानतात, रोज चालणारी आणि वेळेवर ऑइल बदललेली कमी.

आयएमएसबद्दल सगळे बोलतात, पण याच घराण्यातल्या ३.६ आणि ३.८ लिटर इंजिनांत मला जास्त भीती बोअर स्कोअरिंगची वाटते, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर पिस्टन घासून उभे ओरखडे पडणं. बेअरिंग बदलता येतं, घासलेला सिलेंडर म्हणजे पूर्ण इंजिनचं काम. खुणा सांगतो: इंजिन गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, एका बाजूने टकटक येते, ऑइल खायला लागते, आणि सायलेन्सरच्या दोन बाजूंपैकी एका बाजूची नळी दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त काळी दिसते. बोट फिरवून बघा दोन्हीकडे. पण एवढ्यावर थांबू नका, बोअरस्कोप म्हणजे बारीक कॅमेरा आत घालून बघायलाच लावा, आणि जमलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून नाही तर खालून ऑइल संप म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी काढून, कारण ओरखडे जिथे सुरू होतात तो भाग वरून नीट दिसत नाही. चांगल्या सिलेंडरची भिंत एकसारखी करडी दिसते, बिघडलेल्यावर वरून खाली जाणाऱ्या गडद रेघा. एकदा फोटो शेजारी ठेवून बघितले की नवख्यालाही फरक कळतो.

बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांचं दुखणं दुसरीकडे, कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये. ई४६ पिढीच्या एम३ मधलं सहा सिलेंडरचं एस५४ इंजिन, २००७ नंतरच्या एम३ मधलं व्ही८ एस६५ जे ८,४०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, जातं, आणि ई६० एम५ मधलं व्ही१० एस८५, तिघांनाही हा ताप आहे. सुरुवातीच्या एस५४ गाड्यांची बेअरिंग तर कंपनीनेच बोलावून बदलून दिली होती. इथे हिशोब सोपा आहे, बेअरिंग वेळेत बदलली तर तो मेंटेनन्सचा खर्च, नाही बदलली आणि निकामी झाली तर क्रँकशाफ्टसकट इंजिन गेलं. म्हणजे बेअरिंग बदलल्याचं बिल असलेली गाडी थोडी महाग पडली तरी तीच घ्या. आणि विचारून घ्या की थंड इंजिन कोण कसं पळवायचं, कारण या इंजिनांत १०डब्ल्यू-६० सारखं जाड ऑइल लागतं आणि ते गरम व्हायच्या आत सात-आठ हजारांवर रेस करणारा मालक असेल तर पुढचं तुम्हाला कळलंच.

माझदा आरएक्स-८ स्वस्त मिळते. का मिळते ते आधी समजून घ्या. तिच्यात पिस्टनच नाहीत, १.३ लिटरचं रोटरी इंजिन, तिकोनी रोटर फिरतात आणि त्यांच्या टोकांवरची सील झिजली की कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब जातो. ही ऑइल खाणारच, ते डिझाइनमध्येच आहे, सील ओली ठेवायला थोडं ऑइल मुद्दाम आत सोडलं जातं, त्यामुळे "ऑइल खात नाही" असं विकणारा अभिमानाने सांगत असेल तर त्याला आपली गाडीच माहीत नाही. हिची परीक्षा गरम असताना घ्यायची: चांगली फिरवून आणा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत स्टार्ट करा. स्टार्टर खूप वेळ नुसता फिरत राहिला तर हात जोडून निघा. कॉम्प्रेशन टेस्टही रोटरीच्या खास टेस्टरनेच करायची, साधा गेज एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा दाखवतो आणि मेलेली बाजू लपून जाते.

बाकीच्यांचं थोडक्यात. होंडा एस२०००, दोन लिटर आणि ९,००० आरपीएम, इंजिन फार दणकट, मारलं असेल तर माणसानेच मारलेलं असतं. माझदा एमएक्स-५ मध्ये इंजिनची काळजी सगळ्यात कमी, तिथे गंज बघा. सुबारूचं टर्बो २.५ लिटर ट्यून केलेलं, म्हणजे ताकद वाढवलेलं, असेल तर पिस्टनच्या रिंगजवळचा कडेचा भाग तुटतो, त्यामुळे ट्यून केलेली गाडी कॉम्प्रेशन टेस्टशिवाय नको. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि बेल्ट किलोमीटरवर नाही तर वर्षांवर बदलायचा असतो, म्हणजे गाडी उभी असली तरी खर्च चालूच. एफ४३० पासून चेन आली.

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जाल तेव्हा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. पोचल्या पोचल्या इंजिनावरच्या झाकणावर आणि सायलेन्सरजवळ हात ठेवून बघा, गरम लागली तर का गरम केली हे विचारायचं, उत्तर काहीही आलं तरी इंजिन थंड होईपर्यंत थांबायचं किंवा दुसऱ्या दिवशी यायचं. थंड इंजिनचे पहिले तीस सेकंद जे सांगतात ते नंतरची तासभराची टेस्ट ड्राइव्ह सांगत नाही. मालकाला स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येतो ती वाफ असते, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पोर्श-सुबारूसारख्या आडव्या सिलेंडरच्या इंजिनात पहिल्या स्टार्टला थोडा निळा धूर येऊन गेला तर लगेच घाबरू नका, गाडी उभी असताना ऑइल सिलेंडरमध्ये थोडं झिरपतं, पण तो थांबला पाहिजे. नंतर इंजिनाजवळ या आणि ऐका: स्टार्टला क्षणभर चेन खडखडली ते एक, आणि आरपीएम वाढवल्यावर खालून घण मारल्यासारखा खोल ठोका येतो ते दुसरं. दुसरं ऐकू आलं तर चहा पण घेऊ नका.

सोबत ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र, न्या. चेक इंजिनचा दिवा विझलेला दिसतो, पण तो काल संध्याकाळी कुणी विझवला असेल तर? त्यासाठी स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघायचे, एरर पुसल्या की ते "नॉट रेडी" होतात आणि बऱ्यापैकी वेगवेगळ्या तऱ्हेने चालवल्याशिवाय परत रेडी होत नाहीत. सगळेच नॉट रेडी दिसले तर आधी बॅटरी नवी आहे का तेवढं बघा, कारण बॅटरी काढली तरी तसंच होतं. मॅन्युअल गाडीत अजून एक धोका: पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनला रेडलाइनच्या, म्हणजे आरपीएमच्या मर्यादेच्या, पलीकडे फिरवतात, ती मर्यादा राखणारा रेव्ह लिमिटर फक्त पेट्रोल तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. पोर्शच्या कॉम्प्युटरमध्ये अशा ओव्हररेव्हची नोंद राहते, इंजिनच्या कितव्या तासाला झालं तेही निघतं. तो रिपोर्ट मागा.

पुढची पायरी, त्या ब्रँडचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी, आणि मेकॅनिक तुमचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये आकडा किती आला यापेक्षा सगळे सिलेंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं. लीकडाउन टेस्ट मला जास्त आवडते, त्यात सिलेंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजतात, दहा टक्क्यांच्या आत असेल तर छान, वीसच्या वर गेली तर प्रश्न, आणि हवा कुठून निघतेय ते कानाने कळतं: सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ऑइलचं सॅम्पल लॅबला पाठवता आलं तर अजून बरं. शिसं आणि तांबं जास्त आलं की बेअरिंग, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम आलं की सिलेंडर-पिस्टन, सोडियम-पोटॅशियम आलं की कूलंटवर संशय. फक्त हे ऑइल किती किलोमीटर चाललंय ते विचारा, गेल्या आठवड्यातच बदललं असेल तर रिपोर्ट छानच येणार, त्याला अर्थ नाही. अशा वेळी जुना ऑइल फिल्टर ठेवलाय का विचारा, तो कापून त्याच्या घड्या उलगडल्या की चमकणारे कण डोळ्यांनी दिसतात.

विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर विषय तिथेच संपला. त्याने दिलेलं कारण कितीही सभ्य वाटलं तरी.

कागदांत मी किलोमीटरच्या आधी तारखा बघतो. दरवर्षी ऑइल बदललेली एक लाख वीस हजारची गाडी मला पाच वर्षांत एकदा ऑइल बदललेल्या तीस हजारच्या गाडीपेक्षा केव्हाही चालेल, उभ्या गाडीची सील सुकतात, पेट्रोल खराब होतं, ऑइलमध्ये ओलावा साठतो. ट्यूनिंग केलंय का हेही विचारा, आणि "परत स्टॉक केलीये", म्हणजे कंपनीची होती तशी केलीये, म्हणाले तर कधीपासून कधीपर्यंत ट्यून होती, कुणी केली, तेही.

शेवटी पैसे. त्या मॉडेलचं दुसरं चांगलं इंजिन बसवायला किंवा आहे तेच उघडून पूर्ण दुरुस्त करायला किती लागतात ते स्पेशालिस्टला फोन करून लेखी विचारा, आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवून बजेट बघा. दुखण्याचं काम बिलासकट झालेलं असेल तर या राखीव पैशाचा तिसरा हिस्सा बाजूला असला तरी मी धाडस करेन, झालेलं नसेल तर पूर्ण रक्कम हवी, आणि गाडीवर कर्ज काढून राखीव शून्य राहत असेल तर एमएक्स-५ बघा, मजा तिच्यातही आहे. घेतलीच तर पहिल्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, त्याच वेळी सॅम्पल काढून ठेवा, हजार किलोमीटरनंतर डिपस्टिकवर पातळी किती उतरली ते लिहून ठेवा आणि पुढच्या ऑइल चेंजला दुसरं सॅम्पल पाठवून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा.