ओव्हुलेशन किट वापरताय? फिकट रेघेला भुलू नका

दिवस राहावेत म्हणून बीज (स्त्रीबीज) कधी सुटणार ते लघवीवरून सांगणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ओव्हुलेशन किट. ते मेडिकलमधून आणलंय, मुदत बघितलीय, असं धरून चालते. फक्त ते ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ पर्यंत जातो. म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत नको.

पाळी आली तो दिवस पहिला. गेल्या काही महिन्यांतलं सगळ्यांत कमी दिवसांचं चक्र धरा आणि त्यातून १७ वजा करा. २८ दिवसांचं असेल तर अकराव्या दिवसापासून तपासायचं. ‘चौदाव्या दिवशी जवळ या, होऊन जाईल’ हा सल्ला मला सासर-माहेर दोन्हीकडून मिळाला. माझं चक्र ३३ दिवसांचं, म्हणजे माझं बीज साधारण एकोणिसाव्या दिवशी सुटत होतं. चौदावा दिवस धरून किती महिने वाया गेले, ते आठवलं की अजून जीव तुटतो.

सकाळची पहिली लघवी घेऊ नका, ती गरोदरपणाच्या चाचणीसाठी. इथे आपण बीज सुटायच्या आधी वाढणारं एलएच हे संप्रेरक शोधतोय. ते बहुतेकदा पहाटे वाढतं आणि लघवीत उतरायला काही तास जातात. सकाळी दहा ते रात्री आठ यांतली एक वेळ ठरवा आणि रोज तीच पाळा. आधीचे दोन तास पाणी-चहा कमी, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी पडते. पण उन्हाळ्यात शेतातून आल्यावर तहान मारून बसायचं नाही. तेव्हा संध्याकाळची वेळ धरा.

पट्टी खुणेच्या वर बुडवायची नाही. किती सेकंद, ते पाकिटावर असतं.

आता रेघा. मी चार महिने इथेच चुकले, म्हणून सावकाश वाचा. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ‘हो’ असते. इथे तसं नाही. एलएच थोडंफार अंगात नेहमीच असतं, त्यामुळे फिकट रेघ बऱ्याच दिवशी दिसते. तिचा अर्थ ‘अजून नाही’ एवढाच. तपासणीची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी (पट्टी नीट चालतेय हे दाखवणारी, नेहमी उमटणारी रेघ) किंवा तिच्याहून गडद झाली, तरच पॉझिटिव्ह. मी पहिली फिकट रेघ दिसली की किट बंद करायची, आणि खरे दिवस त्यानंतर यायचे.

पाच मिनिटांनी उजेडात बघा. दहा मिनिटांनंतर उमटलेलं काही मोजू नका, कचऱ्यातून पट्टी काढून पुन्हा बघू नका. रोज फोटो काढून तारीख लिहा, म्हणजे कालच्यापेक्षा आज रेघ गडद झाली का ते कळतं. गडद व्हायला लागली की दिवसातून दोनदा तपासा. काहींची वाढ एका दिवसाच्या आत ओसरते.

पीसीओडी (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर एलएच मुळातच जास्त असू शकतं आणि किट खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. अशा वेळी पट्ट्यांवर पैसे घालू नका, डॉक्टरांकडून सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज कसं वाढतंय ते बघायची तपासणी, करून घ्या. बीज फुटायचं इंजेक्शन घेतलं असेल तरी पट्टी फसवते.

गडद रेघ आली की साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं आणि ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. म्हणून तो दिवस आणि पुढचे दोन दिवस सोडू नका. पण रेघेची वाट बघत आधीचे दिवस कोरडे घालवणंही चूक. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, तेव्हा तपासणी सुरू केल्यापासूनच एक दिवसाआड जवळ या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचं असेल तर आधी हे दिवस मोजा. ते त्यातच येत असतील तर नवऱ्यालाही सोबत न्या, नाहीतर दोन दिवस उशिरा निघा. आई समजून घेते.

फोलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधीपासूनच.

वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने प्रयत्न करा. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करायला सांगा. आपल्याकडे आधी बाईच्या सगळ्या तपासण्या होतात आणि पुरुषाची शेवटी, तीही मिनतवाऱ्या करून. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्यावर वर्षभराने ती झाली, आणि अडचण तिथेच होती.