कार्यकर्ता म्हणजे नेमका कोण? संस्थेत माणसं सांभाळायला शिकताना

एका स्वयंसेवी संस्थेत लागून तीन महिने होत नाहीत तोच माझ्याकडे अकरा पगारी सहकारी आणि साठेक स्वयंसेवक सोपवले गेले. कारण एवढंच की आधीची समन्वयक ताई लग्न होऊन नाशिकला गेली. माझं शिक्षण बी.कॉम. आणि अनुभव म्हणाल तर पुण्यातल्या एका वस्तीत दोन वर्षं संध्याकाळच्या अभ्यासिकेत गणित शिकवलेलं. 'मुलांना सांभाळतोस, मोठ्यांना सांभाळायला काय लागतं?' असं एक विश्वस्त हसत म्हणाले होते.

काय लागतं ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आठवीच्या मुलांना शिकवत. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'काका, उद्यापासून पाचऐवजी सहाला या.' ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही आले नाहीत. फोन केला तर 'बघतो' म्हणाले. मला वाटलं, रुसले. मोठी माणसं, चालायचंच.

पुढे वर्षभराने संस्थेने मला पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता संस्थेतले कर्मचारी आणि स्वयंसेवक यांचं व्यवस्थापन. मी काकांचा किस्सा तिथे जरा रंगवूनच सांगितला. प्रशिक्षक बाईंनी एकच विचारलं, 'काकांचं काम, वार, वेळ हे कुठे लिहिलेलं होतं?' कुठेच नव्हतं. वेळ बदलायच्या आधी त्यांना विचारलं होतं का? नव्हतं. पगारी माणसाला कळवलं तरी भागतं, बिनपगारी माणसाला विचारावं लागतं; आणि मी तर साठ जणांसमोर कळवलं होतं.

त्या पाच दिवसांतला सगळ्यात अवघड तास मात्र वेगळाच होता. प्रत्येकाने आपल्या संस्थेतल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहायची आणि पुढे नोंद करायची, कर्मचारी की स्वयंसेवक. सोपं वाटलं. आपल्याकडे 'कार्यकर्ता' या एका शब्दात दोघेही मावतात, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. माझा पेन वस्तीतल्या एका ताईंच्या नावावर अडला. ताई चार वर्षं रोज सकाळी बालवाडी उघडत, दुपारी घरभेटी करत, रविवारी कार्यक्रम असला तर सतरंज्या घालायलाही हजर. त्यांना महिना तीन हजार मानधन. आमच्या दप्तरी त्या स्वयंसेविका.

बाईंनी तीन प्रश्न दिले. ठरलेल्या वेळी यावंच लागतं का? न आल्यास कुणी जाब विचारतं का? या पैशांवर त्यांचं घर चालतं का? तिन्हींना 'हो' असेल तर ती नोकरी आहे, तुम्ही तिला काहीही म्हणा. मानधन हा फार सोयीचा शब्द आहे. व्याख्यात्याला पाकीट देताना तो शोभतो; रोज सहा तास राबणाऱ्या बाईला दिला की रजा, भविष्य निर्वाह निधी, नियुक्तीपत्र सगळंच टळतं. हे मी विश्वस्तांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. मीही मानधनाचा तक्ता वर्षभर सही करून पुढे पाठवतच होतो.

अशा प्रशिक्षणात कायद्याचा भाग रुक्ष असतो, पण तेव्हा झोपू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी-बिनपगारी असा भेद करत नाही. स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही त्यात 'कर्मचारी' आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तर तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला आणि बाहेरचा एक सदस्य हवा. मुलांसोबत काम असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, आहे. २०१२ चा हा कायदा लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक करतो. शनिवारी तासभर येणारा इंजिनिअरिंगचा पोरगाही त्यात आला. म्हणून त्याला हे पहिल्या दिवसाआधीच सांगायचं. आता आमच्याकडे हे सांगितल्याशिवाय कुणाला वर्गावर पाठवत नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणारे विचारतात, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करू का? पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन, टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) देवनार आणि तुळजापूर, असे पर्याय आहेत. मी केलं नाही, पण केलेल्या सहकाऱ्यांकडे एक सवय दिसते जिचा मला हेवा वाटतो. फील्डवर्क करायचं, त्याची नोंद लिहायची आणि मार्गदर्शकासमोर बसून 'मी इथे चुकलो' असं बोलायचं. ही सवय नंतर लावून घ्यायला मला फार वेळ लागला. नुसतं एचआरचं, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाचं, एमबीए घेऊन याल तर जरा सबुरीने. आमच्याकडे आलेल्या एकाने वस्तीतल्या ताईंना एकमेकींना पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सगळ्यांनी सगळ्यांना पाच दिले आणि चहाला गेल्या.

स्वयंसेवकांचं कॅलेंडर वेगळं ठेवा. परीक्षा, दिवाळी, मे महिना या काळात ते गायब होणारच. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्या आठवड्यांचं काम पगारी माणसांवर आधीच बेतावं. एनएसएसची (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं तास भरायला येतात, दोन वर्षांत २४० तास आणि सातेक दिवसांचं शिबिर. 'सहीसाठी आलेत' म्हणून त्यांना खुर्च्या मांडायला लावू नका. आम्ही शाळाबाह्य मुलांचं घरोघर सर्वेक्षण त्यांना नीट शिकवून दिलं. त्यातल्या दोघी तास संपल्यावरही येत राहिल्या.

पैशांचं एक सांगून ठेवतो. देणगीदाराला दप्तरं, वह्या द्यायला आवडतं, माणसाचा पगार द्यायला नको वाटतो. परदेशी देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा तर २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० वर आली. त्यामुळे प्रशिक्षणाचा, स्वयंसेवकांच्या प्रवासखर्चाचा आकडा प्रस्तावात सुरुवातीलाच घाला. मागाहून मागितला की मिळत नाही.

प्रशिक्षणाहून परत आल्यावर मी काकांच्या घरी गेलो, कामाचा एक पानी कागद घेऊन. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका दुरुस्त केल्या, 'सहा' खोडून 'साडेपाच' लिहिलं आणि सही केली. ताईंच्या नियुक्तीपत्राला मात्र आठ महिने लागले. तीन बैठका, ऑडिटरचा सल्ला, 'एकीला दिलं की सगळ्या मागतील' ही भीती. मागितलंच, आणि अजून दोघींचं व्हायचंय. पत्र हातात पडल्यावर ताईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, 'म्हणजे रविवारी आता नाही म्हणता येईल ना?'

येईल, म्हटलं. पुढच्याच रविवारी आरोग्य शिबिर होतं. ताई आल्या नाहीत. सतरंज्या मी घातल्या.