पुरानंतर वहाळातले (ओढ्यातले) मासे कसे मोजावेत

लोंढा आला की सगळेच मासे वाहून जातात, हे खरं नाही. मळ्या नावाच्या माशाला तोंडाखाली दगडाला चिकटायची चकती असते. खरबी या माशाचे पोटाखालचे पर जुळून वाटी झालेली असते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी बाहेरून आणलेले गप्पी आणि गॅम्बुशिया मात्र संथ पाण्यातले. जोरदार धारेत ते टिकत नाहीत.

हवाई बेटांच्या ओढ्यांतही हाच फरक दिसतो. तिथल्या मूळच्या पाचही जातींची पुष्कळ पिल्लं अंड्यातून निघताच समुद्रात जातात आणि थोडी मोठी होऊन परत ओढ्यात येतात. त्यामुळे पुराने रिकामा झालेला ओढा समुद्राकडून भरतो. आपल्या मळ्याला ही सोय नाही. त्याची भिस्त कोंडांवर (खोल, संथ डोहांवर) आणि बाजूच्या पऱ्यांवर (छोट्या ओहोळांवर), म्हणून मोजणीत तेही धरा.

एक खळाळ (उथळ, जोरात वाहणारा भाग) आणि एक कोंड येईल असा 50 मीटरचा पट्टा ठरवा, दोन्ही टोकांच्या झाडांवर रंगाची खूण करा. मोजणी मेअखेर, दसऱ्याच्या सुमारास आणि जानेवारीत, दरवेळी सकाळी त्याच वेळेला. खालून वर चालत जा: मासे धारेकडे तोंड करून असतात आणि ढवळलेला गाळ तुमच्या मागे राहतो. पाच मिनिटं स्तब्ध उभं राहून मगच मोजायला घ्या. खळाळ आणि कोंडाचे आकडे वेगळे लिहा. एकत्र केलेत तर पुराचा परिणाम दिसणारच नाही.

पाण्याच्या वेगासाठी 10 मीटर अंतर आखून संत्रं सोडा. ते बरंचसं बुडून वाहतं, वारा त्याला फारसा ढकलत नाही. 10 ला लागलेल्या सेकंदांनी भागा आणि 0.85 ने गुणा.

सर्वात मोठी चूक म्हणजे गढूळ पाण्यात मोजणं. गुडघाभर पाण्यात स्वतःची बोटं स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. चढत्या पाण्यात तर उतरूच नका.

दसऱ्याला गप्पी शून्य आणि जानेवारीत पुन्हा झुंड, असं झालं तर वरच्या वाडीतल्या विहिरी, टाक्या आणि बंधारे तपासा. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, त्यामुळे चार-दोन मासे उतरले तरी पुरे. उन्हाळ्यात धार तुटून डबकी उरली की तिलापिया या बाहेरच्या माशाचंही फावतं. जाळ्यात आलेला बाहेरचा मासा शेजारच्या वहाळात कधीही सोडू नका, आणि जाळं दुसरीकडे नेण्याआधी उन्हात कडकडीत वाळवा.