‘तमारे कंई पूछवुं छे?’

माझी पहिली मुलाखत बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत), व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली. वीसेक मिनिटं बरी गेली. शेवटी साहेबांनी खुर्ची मागे सरकवत विचारलं, ‘‘चालो, तमारे कंई पूछवुं छे?’’ म्हणजे, तुम्हाला काही विचारायचंय का? मी म्हटलं, ‘‘ना सर.’’ दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मोठ्यांना उलट प्रश्न करत नसत. गप्प बसणं म्हणजे नम्रपणा, असं मी धरून चालले होते.

नोकरी लागली. दुसऱ्या आठवड्यात कळलं की माझ्या आधी वर्षभरात त्याच जागेवरून दोघं सोडून गेलेत. नावाला क्वालिटी, पण दिवसभर डिस्पॅचचे कागद लावायचे. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात यायला चार महिने लागले. विचारलं असतं तर हे सगळं मुलाखतीतच समजलं असतं, याची हळहळ मला बरेच दिवस होती.

पुढच्या मुलाखतीला जाताना वहीत तीन प्रश्न लिहून नेले. ही जागा नवीन निघाली की कुणी गेल्यामुळे रिकामी झाली? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालेलं तुम्हाला हवंय? मी ज्यांच्या हाताखाली काम करणार, ते आज भेटतील का? यातला पहिला प्रश्न कधीच सोडू नका. ‘‘आधीचा मुलगा आता असेंब्ली बघतो’’ असं सांगणारा साहेब वेगळा आणि ‘‘आजकालच्या पोरांना कष्टच नकोत’’ म्हणणारा वेगळा. दुसऱ्या प्रकारचं उत्तर आलं तर घरी जाऊन नीट विचार करा.

पण त्या दिवशी वही उघडायच्या आधीच एक प्रश्न समोर आला. साहेबांच्या टेबलावर व्हॉल्व्हची एक बॉडी होती, फ्लँजजवळ, म्हणजे पाइप जोडायच्या कडेजवळ, पिवळ्या खडूनं गोल काढलेली. मी विचारलं, ‘‘सर, हा पीस हायड्रो टेस्टला, पाण्याच्या दाबाच्या तपासणीत, गळाला का?’’ त्यांनी तो उचलून माझ्यापुढे ठेवला. मशिनिंग झाल्यावर उघडं पडलेलं ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवा अडकून राहिलेलं छिद्र, टाचणीच्या डोक्याएवढं. रेटेड प्रेशरच्या दीडपट दाबानं बॉडी तपासतात, तेव्हा तिथून पाणी पाझरलं होतं. मग मी विचारलं, ‘‘असा पीस नापास करायचा, हे शेवटी कोण ठरवतं? क्वालिटी की प्रॉडक्शन?’’ ते क्षणभर थांबले. म्हणाले, ‘‘क्वालिटी. पण महिनाअखेरीला त्यासाठी भांडावं लागतं.’’ इतकं खरं उत्तर मला कुठल्याच मुलाखतीत मिळालं नव्हतं. ती नोकरी मी त्या एका वाक्यावर घेतली.

म्हणून सांगते, प्रश्न पाठ करून जा, पण डोळे उघडे ठेवा. तुमच्या कामाच्या पोटातून निघालेला एक प्रश्न पाठ केलेल्या दहांपेक्षा जास्त सांगून जातो. तुम्हाला आणि त्यांनाही. ‘कंपनीचं व्हिजन काय?’ हे विचारू नका, ते रिसेप्शनच्या भिंतीवर लिहिलेलं असतं.

पगार आणि रजा एचआरला विचारायच्या, ऑफर आल्यावर पण सही करण्याआधी. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्यात कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बहुतेक वेळा धरलेली असते. ती ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे सलग ५ वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही. तेव्हा सरळ विचारा, बेसिक किती आणि हातात किती? ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का, हेही. मूळ मार्कशीट ठेवून घेणार असतील तर उठून या. कारखाना सावली-हालोलकडे असेल तर बस कुठून सुटते आणि सेकंड शिफ्टनंतर परतीची सोय काय, हे मुलींनीच नाही, मुलांनीही विचारावं. हालोल बडोद्याहून सुमारे ४० किलोमीटर आहे, आणि रात्री ते अंतर फार वाटतं.

आता तोच प्रश्न मी टेबलाच्या पलीकडून विचारते. बहुतेक मुलं अजूनही ‘‘ना मॅडम’’ म्हणतात आणि मला फार वाईट वाटतं. मागे डिप्लोमा झालेली एक मुलगी आली होती. आवाज कापत होता, पण तिनं विचारलं, ‘‘सेफ्टी शूज कंपनी देते की पहिल्या दिवशी आपले आणायचे?’’ मी तिला मापच विचारून घेतलं.