धर्मयुद्धे आणि मंगोल सत्ता एकाच नकाशावर कशी अभ्यासावीत

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मुलांना हा काळ शिकवताना मी सनावळ्यांऐवजी नकाशापासून सुरुवात करतो, आणि आपणही तसेच करावे असे मला मनापासून वाटते. आशियाचा कोरा नकाशा घेऊन जेरुसलेमपाशी लाल पेन्सिलीने १०९९ आणि ११८७ ही वर्षे लिहावीत. पहिल्या वर्षी क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, ते शहर जिंकले, तर दुसऱ्या वर्षी इजिप्त आणि सीरियाचा मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनने परत घेतले. मग १२०६ मध्ये तेमुजिन जिथे चंगीझखान झाला, त्या मंगोलियातल्या ओनोन नदीपासून बगदादपर्यंत हिरवी रेघ ओढावी. १२५८ मध्ये चंगीझखानाचा नातू हुलागूने तिथली अब्बासी खिलाफत बुडवली.

ही रेघ पुढे पश्चिमेला जिथे अडते, ते पॅलेस्टाईनमधले ऐन जालूत मात्र सावकाश समजावावे. मंगोलांचा सम्राट मोंगके खानाच्या मृत्यूनंतर हुलागू बरेचसे सैन्य घेऊन मागे फिरला होता, आणि ३ सप्टेंबर १२६० रोजी उरलेल्या फौजेचा इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुकांनी पराभव केला. मंगोल सेनापती कितबुका स्वतः ख्रिस्ती होता, तरीही किनाऱ्यावरच्या आक्रे या क्रुसेडर शहराच्या ख्रिस्ती सरदारांनी मुस्लिम मामलुकांना आपल्या मुलखातून वाट दिली होती. या ठिकाणी मुलांची पेन्सिल हमखास थबकते, तेव्हा घाई करू नये. १२९१ मध्ये आक्रेही मामलुकांनी घेतले. तिथे लाल खूण करावी आणि ती न खोडता तिच्याभोवती वर्तुळ काढावे.