मराठवाड्यात सावकाश फिरायचे असेल तर

मराठवाड्यात येणारे बहुतेक पाहुणे वेरूळ आणि अजिंठा ही दोन नावे मनात धरून येतात, दोन दिवसांत दोन्ही उरकतात आणि परतीच्या गाडीत बसतात. ही घाई लेण्यांवर अन्याय करणारी आहेच, पण गोदाकाठची संतांची गावे, बालाघाटाचे डोंगर, जुन्या बारवा आणि हिवाळ्यातील ज्वारीची शेते यांना तर ती वाटेतही लागू देत नाही. आठ जिल्ह्यांचा हा प्रदेश एका सहलीत पालथा घालण्याचा हट्ट सोडावा, त्यातले एकच टोक निवडावे, तेथे तीन-चार रात्री मुक्काम करावा आणि दिवसाची आखणी घड्याळापेक्षा उन्हाकडे पाहून करावी. पुढे असे दोन मुक्काम सांगितले आहेत: उत्तरेकडे वेरूळ, देवगिरी व पैठण, आणि दक्षिणेकडे तेर, नळदुर्ग व तुळजापूर.

ऋतू आधी ठरवावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी आणि गडांसाठी उत्तम असतो. धबधबे पाहायचे असतील तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडावा. त्या दिवसांत पाटोदा तालुक्यातील सौताडा आणि बीडजवळचे कपिलधार येथे पाणी कोसळत असते. मात्र पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर गाडी घालू नये, कारण ही माती चाकाला आणि चपलेला थरावर थर चिकटत जाते आणि मग गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करून पुढे पायी जावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हे महिने टाळलेलेच बरे.

उत्तरेकडील मुक्कामासाठी छत्रपती संभाजीनगर शहरापेक्षा वेरूळ किंवा खुलताबाद येथे राहणे मला अधिक योग्य वाटते. शहरापासून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर आणि देवगिरी किल्ला त्याच वाटेवर सुमारे 15 किलोमीटर आहे. तरीही गावात राहिल्याने सकाळ आणि संध्याकाळ हे दोन्ही मोलाचे प्रहर हाती राहतात. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे तिकिटे काढण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

वेरूळच्या 34 लेण्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन आहेत. त्या सगळ्या एका दमात पाहू नयेत. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्यामुळे दुपार कलल्यावर उजेड थेट आत शिरतो, आणि सकाळी अंधारात बुडालेले कोरीवकाम त्या वेळी स्पष्ट दिसते. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास 12 क्रमांकाच्या तीन ताल लेण्यापासून सुरुवात करावी, मग ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 10 क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, थोडा वेळ शांत बसावे आणि शेवटी 16 क्रमांकाच्या कैलास लेण्यात यावे. हे मंदिर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत घडवले गेले. कळस आधी आणि पाया शेवटी. ही गोष्ट अंगणात उभे राहून पटत नाही. त्यासाठी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर जाऊन कड्यावरून खाली पाहावे, म्हणजे तीन बाजूंनी उभा कापलेला खडक आणि मधोमध सोडलेले मंदिर एकाच नजरेत येते. कठड्यापलीकडे मात्र जाऊ नये. 29 क्रमांकाचे धुमार लेणे आणि त्यापुढची जैन लेणी थोडी दूर आहेत. ती दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावीत. घृष्णेश्वराचे दर्शन पहाटे घेतले तर गर्दी कमी लागते.

देवगिरीला सकाळी किल्ल्याचे दार उघडताच आत शिरावे, कारण चढ मोठा आहे आणि उन्हात खडक तापतो. यादवांची ही राजधानी पुढे 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दौलताबाद या नावाने आपली राजधानी केली. तटबंदीचे पदर, हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांदमिनार आणि कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन जेथे कैदेत होता तो चिनी महाल पाहत पुढे गेले की खरा किल्ला सुरू होतो: डोंगराचा पायथा चहूबाजूंनी उभा तासलेला आहे, त्याभोवती खडकातच खोदलेला खंदक आहे आणि तो ओलांडल्यावर अंधारी लागते. अंधारी म्हणजे खडकाच्या पोटातून वर जाणारा वळणावळणाचा काळोखा मार्ग. आत शिरताना वटवाघळांचा उग्र वास येतो, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत आणि हात भिंतीला लावूनच पुढे जावे लागते. चांगली विजेरी बरोबर ठेवावी, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये आणि मुलांचा हात सोडू नये. ज्यांना कोंडलेल्या जागेचा त्रास होतो त्यांनी खंदकापर्यंत जाऊन परतावे. तेवढ्यातही किल्ल्याची रचना पुरेशी उमगते. वर बारादरीपर्यंत पोचणाऱ्यांनी किमान दोन लिटर पाणी जवळ बाळगावे. अजिंठ्यासह या भागातील कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर ही तिन्ही कटाक्षाने टाळावीत.

दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी म्हैसमाळला जावे. वेरूळच्या मागच्या डोंगरावरील हे पठार सुमारे 1000 मीटर उंचीवर आहे आणि गिरिजामातेच्या मंदिराच्या परिसरात निवांत फिरता येते. खुलताबादेत भद्रा मारुतीचे मंदिर आहे, सूफी संतांचे दर्गे आहेत आणि मलिक अंबरची कबरही आहे. छत्रपती संभाजीनगरला खापराच्या नळांतून पाणी आणणारी नहर ज्याच्या योजनेतून उभी राहिली, तोच हा मलिक अंबर. दर्ग्यात जाताना डोके झाकावे आणि गुडघ्याखालपर्यंत अंग झाकणारे कपडे घालावेत.

अजिंठ्यासाठी वेगळा पूर्ण दिवस ठेवावा. खासगी वाहने फाट्यावरच थांबवावी लागतात आणि तेथून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. चित्रे पाहताना आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटे काहीही न पाहता उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा चेहरा हळूहळू उमटतो. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी, कारण एकदा उडालेला रंग पुन्हा येत नाही.

पैठणला निदान एक रात्र द्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान ते हेच, आणि संत एकनाथांचे गावही हेच. देवगिरीवर ज्यांची समाधी आहे त्या जनार्दनस्वामींकडे नाथांनी शिक्षण घेतले, म्हणून देवगिरीनंतर पैठणला येण्यात एक नैसर्गिक क्रम आहे. गावातील वाड्यात आतले नाथ आणि गोदावरीच्या काठी समाधीचे बाहेरचे नाथ, अशी दोन ठिकाणे आहेत. दोन्हींमधले अंतर पायीच चालावे. संध्याकाळी कीर्तन असल्यास मागे मांडी घालून बसावे. कोणी विचारणार नाही की आपण कोण, फक्त मध्येच उठून जाऊ नये आणि मोबाइल बंद ठेवावा. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. दिंड्यांचा सोहळा अनुभवायचा असेल तर तीच वेळ साधावी, निवांतपणा हवा असेल तर मात्र ते दिवस सोडून यावे.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जायकवाडीच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, पक्षी पाहायला जावे. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी पसरट आणि उथळ असल्याने हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकादंब आणि निरनिराळी बदके येथे उतरतात. धरणाच्या भिंतीपेक्षा फुगवट्याच्या काठावरील गावांजवळ पक्षी अधिक दिसतात. दुर्बीण हवीच, मातकट रंगाचे कपडे घालावेत आणि पक्ष्यांच्या दिशेने चालत न जाता एका जागी बसून राहावे. परतताना हातमागावर पैठणी विणताना पाहता येते. पदरावरचा मोर किंवा मुनिया एकेक धागा हाताने गुंतवून उतरवला जातो, त्यामुळे अस्सल विणीच्या पैठणीत मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. खरेदी करताना पदर उलटवून पाहावा; मागे धागे लोंबत असतील तर ते यंत्राचे काम समजावे. विणकराला विचारल्याशिवाय मागाला हात लावू नये.

डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हुरड्याचे दिवस असतात, आणि तेव्हा कोणत्याही मुक्कामावर असलात तरी एक सकाळ शेतासाठी मोकळी ठेवावी. ज्वारीच्या सुरती किंवा गुळभेंडी वाणाची दुधाळ कणसे गोवऱ्यांच्या आगटीत खुपसून भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. दाणे हिरवे, मऊ आणि किंचित गोड लागतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे आणि हरभऱ्याचे टहाळ असते. आगटीभोवती जमिनीवरच बसावे, चोळणाऱ्याच्या हाताचा वेग पाहून तेवढेच मागावे आणि शेवटी पाण्याऐवजी ताक घ्यावे. ठिकठिकाणच्या कृषी पर्यटन केंद्रांत पैसे भरून हुरडा मिळतो, पण ओळखीच्या शेतकऱ्याचे बोलावणे आले तर ते सोडू नये.

दक्षिणेकडील मुक्काम धाराशिव किंवा तुळजापूर येथे करावा. धाराशिवपासून जवळच तेरणेच्या काठी तेर आहे. प्राचीन काळी हे तगर नावाने रोमशी व्यापार करणारे नगर होते, आणि संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते प्रिय आहे. येथे आधी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहावे, मग विटांनी बांधलेल्या, चैत्यगृहाच्या घडणीच्या त्रिविक्रम मंदिरात जावे आणि शेवटी गोरोबाकाकांच्या समाधीवर. या क्रमाने गेल्यास दोन हजार वर्षांचे गाव डोळ्यांपुढे जुळत जाते. नळदुर्गात बोरी नदीचे पाणी तटाला वळसा घालून घेतले आहे, आणि किल्ल्यातील बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात, तेव्हा महालातून समोर पाण्याचा पडदा दिसतो. पाणी जोरात असताना सज्जे निसरडे होतात. रखवालदाराने अडवल्यास हुज्जत घालू नये. तुळजाभवानीच्या दर्शनासाठी मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र सोडून अन्य दिवस घ्यावा. मंदिराच्या परिसरात संबळ ऐकू आले तर थांबावे, गोंधळींची कला जवळून पाहण्याची याहून चांगली जागा नाही.

मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास या भागात असाल तर वेळ अमावास्या, म्हणजे येळवस, चुकवू नये. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी घरेच्या घरे शेतात जातात, त्यामुळे गावात हॉटेल उघडे मिळत नाही आणि रस्तेही सुने असतात. ही अडचण समजून आधीच मुक्कामाच्या मालकाकडे बोलून ठेवावे. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून आत पाच पांडवांची पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातले आंबील यांचे जेवण होते. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. अशी हाक आली तर पैसे पुढे करू नयेत. मुलांसाठी फळे किंवा खाऊ न्यावा, पायताण कोपीबाहेर काढावे, कापणीला आलेल्या किंवा उभ्या पिकातून चालू नये आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारूनच छायाचित्रे काढावीत. दिवस कलल्यावर हेंडगा, म्हणजे पेटती चूड, घेऊन शेताभोवती फिरतात, तोपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बालाघाटातून जाणाऱ्यांनी रस्त्याकडेच्या विक्रेत्यांच्या टोपल्यांतून सीताफळे घ्यावीत. डोळ्यांमधल्या रेषा उकलून फिक्या झालेले फळ घेतले की ते दुसऱ्या दिवशी नीट पिकते. याच वाटेने एक दिवस अंबाजोगाईला काढता येतो. तेथे योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी लेणी आणि दरीच्या काठावरील मुकुंदराजांची समाधी आहे. समाधीकडे दुपारी चारनंतर जावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे, कारण घाटातला रस्ता वळणाचा आहे आणि रात्री त्यावर वाहने फारशी नसतात.